कुठल्या उजेडात बघणार?

एखाद्याला 'नाही' म्हणायला जीभ किती वेळा हलवावी लागते? एकदा. तेवढीही तसदी जी माणसं घेत नाहीत त्यांची ही गोष्ट आहे. सांगता सांगता आवाज चढला तर आधीच माफी मागून ठेवतो, नंतर मागायला जमणार नाही.

घारबाईला घारबाई म्हणायचे ते तिच्या नजरेमुळे. जुन्या गिरणीत ती रंगखात्यात होती. गिऱ्हाईक बोटभर कापडाचा तुकडा आणून द्यायचं आणि म्हणायचं, अस्साच रंग हवा. मग कुठला रंग किती घालायचा, किती वेळ उकळायचा हे ठरवून तो तुकड्याबरहुकूम जुळवून देणं हे तिचं काम. सव्वीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही आणि तिला दुसरं काही करायचंही नव्हतं. मग गिरणीला कुलूप लागलं आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घारबाई घरी बसली. शेजारणींना शिलाईचे दोरे जुळवून दे, कुणाच्या दाराला कुठला रंग शोभेल ते सांग, एवढंच उरलं. तिचा जीव तीळ तीळ तुटत होता.

अशात गावाच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या रंगाई कारखान्याची जाहिरात आली. रंग जुळवणारं अनुभवी माणूस पाहिजे. घारबाईने ती तीनदा वाचली. तिच्याकडे शिकायला राहिलेल्या भाचीने लगेच तिची शाळा घ्यायला सुरुवात केली.

"मावशी, शेवटी ते विचारणार, तुम्हाला काही विचारायचंय का. तेव्हा 'नाही' म्हणायचं नाही."

"का गं?"

"नाही म्हणणारा माणूस त्यांना मठ्ठ वाटतो."

"आणि विचारणारा आगाऊ वाटत नाही?"

"चांगला प्रश्न विचारला तर नाही वाटत. कामाबद्दलचा. सुट्ट्यांचा नाही."

"मला कामाबद्दलचेच प्रश्न येतात बाई. दुसरं येतंय काय!"

"आणि दुसऱ्या दिवशी पत्र टाकायचं. वेळ दिल्याबद्दल आभार म्हणून."

"आभार? त्यांनी काय पाणी पाजलं म्हणून?"

पाणी त्यांनी पाजलं नाहीच. अकराला बोलावलं होतं, दीड वाजेपर्यंत बाकड्यावर बसवलं. मग मॅनेजरने आत घेतलं. दोन फोन टेबलावर, तिसरा कानाला, आणि चेहरा असा की समोरचा माणूस म्हणजे चुकून उघडी राहिलेली खिडकी. खरं तर त्या ऑफिसात खिडकीही नव्हती. दहा मिनिटांत तो म्हणाला, "अनुभव सगळेच सांगतात. ट्रायल देता ना?"

घारबाईला आनंदच झाला. बोलण्यापेक्षा करून दाखवणं तिला सोपं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

प्रयोगशाळेतही खिडकी नव्हती. वर दोन ट्यूबलाइट. कोपऱ्यात रंग तपासायची पेटी होती, आतून राखाडी, वर तीन बटणं: एक ट्यूबचं, एक पिवळ्या दिव्याचं, एक दिवसाच्या उजेडाचं. घारबाईने सवयीने तिसरं दाबलं. काही झालं नाही. बटणावर वर्षाची धूळ होती, ती तिच्या बोटाला लागली.

"हा दिवा कधीपासून बंद आहे?" तिने विचारलं.

मॅनेजरने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याचं वय विचारलंय. "मागवलाय."

त्याने तिच्या हातात एक करडा तुकडा दिला. करडा म्हणजे रंगातला सगळ्यात लबाड. लालाची चूक लाल दिसते, करड्याची चूक घरी गेल्यावर दिसते. घारबाईने कपाटातल्या बरण्या बघितल्या. निळा एकच होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता. ट्यूबखाली शहाण्यासारखा गप्प बसणारा आणि उन्हात हिरवा पडणारा.

"साहेब, हे कापड वापरणार कुठे? कुठल्या उजेडात बघणार?"

"म्हणजे?"

"म्हणजे खोलीत वापरायचं असेल तर गोष्ट वेगळी, बाहेर वापरायचं असेल तर वेगळी. हा निळा उन्हात दगा देतो. इथे जुळेल, बाहेर नाही जुळणार."

"बाई, प्रश्न आम्ही विचारतो," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही आहे त्यात शेड लावा."

"मग झाल्यावर तुकडा दोन मिनिटं अंगणात नेऊन बघू का?"

"गेटपासशिवाय इथून कापडाचा धागासुद्धा बाहेर जात नाही."

हा त्या कारखान्याचा मोठा अभिमानाचा नियम होता. कधीतरी कुणीतरी चोरी केली असेल. तेव्हापासून कापड बंद दारातून आत यायचं, बंद खोलीत रंगायचं आणि बंद ट्रकमधून जायचं. ते उन्हात कसं दिसतं हे त्या कारखान्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण रंगवलेलं कापड आपणच दिवसाउजेडी बघायचं नाही, असा रंगारी आजवर कुणी पाहिला नसेल.

तीन तास घारबाई उभी होती. चार तुकडे बिघडले, पाचवा ट्यूबखाली असा बसला की मूळ कुठला आणि नवा कुठला ते सांगता येईना. तिने चिठ्ठीवर रंगांची मापं लिहिली, तुकडा टाचणीने लावला आणि खाली ठळक अक्षरात शेवटची ओळ लिहिली: 'फक्त ट्यूबखाली जुळतो. उन्हात हिरवा पडेल. निळा बदलल्याशिवाय यंत्रावर घेऊ नये.' तोंडानेही सांगितलं. मॅनेजर फोनवर होता. त्याने चिठ्ठी घेतली, मान हलवली आणि म्हणाला, "छान, छान. कळवतो."

तुम्हाला काही विचारायचंय का, हे शेवटपर्यंत त्याने विचारलंच नाही. घारबाईने घरी येऊन भाचीला ते आधी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पत्र गेलं. भाचीने मायना सांगितला, मजकूर घारबाईचा. वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. ट्रायलचा करडा रंग कृपया उन्हात तपासावा, चिठ्ठीच्या शेवटी लिहिल्याप्रमाणे तो हिरवा पडेल. दुसरा निळा मिळाल्यास मी येऊन पुन्हा जुळवून देईन. निवड झाली की नाही, जे असेल ते कळवावं. भाचीने पत्राची एक प्रत काढून मावशीच्या पर्समध्ये ठेवली.

आठ दिवस गेले. घारबाईने फोन केला.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," फोनवरची मुलगी म्हणाली.

चार दिवसांनी पुन्हा केला. साहेब राउंडला गेले होते. आणखी चार दिवसांनी साहेब जेवायला गेले होते, सकाळी दहाला.

"कळवणार आहेत म्हणाले होते," घारबाई म्हणाली. "काय कळवणार आहेत तेवढं कळेल का?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. ताकास तूर लागू देत नव्हते.

नोकरी मिळाली नाही याचं दुःख माणूस पचवतं. घारबाईचं दुखणं वेगळं होतं. उत्तर नाही म्हटल्यावर माणूस स्वतःच उत्तर शोधायला लागतं, आणि ते नेहमी स्वतःच्याच विरुद्ध सापडतं. तिला वाटायला लागलं की पाचवा तुकडा जुळलाच नव्हता. तिला जुळलेला दिसला, तरण्या डोळ्यांना नसेल दिसला. एका सकाळी ती दोन काळे दोरे घेऊन खिडकीत उभी राहिली. भाचीला म्हणाली, "यात फरक आहे का?"

"नाही गं. दोन्ही काळे."

"मलाही नाही दिसत," घारबाई म्हणाली. गिरणीत असे दोन काळे ती लांबून वेगळे सांगायची.

त्या दुपारी ती मास्तरांकडे गेली. हे जुन्या गिरणीचे रंगमास्तर. तिला धरून धरून रंग बघायला शिकवलेला माणूस. वय बहात्तर. पण गेली दोन वर्षं त्यांनी रंगाचं नावच टाकलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझ्या नजरेचं काही खरं नाही. खुर्ची खिडकीशी ओढून पडद्याकडे बघत बसायचे. पडदा सूनबाईने वर्षापूर्वी बाजारातून आणलेला, डाळिंबी.

"हा रंग बघ," ते नेहमीसारखे म्हणाले. "सकाळी बघ, दिवेलागणीला बघ, ट्यूबखाली बघ. जागचा हलत नाही. कुणी जुळवला असेल गं? आहे अजून कुणीतरी नजरवाला या गावात."

घारबाईने आपली कहाणी सांगितली. कारखान्याचं नाव ऐकल्यावर मास्तरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थांबला.

"तिथे मी गेलो होतो. दोन वर्षं झाली. त्यांनीही ट्रायल घेतली माझी, लालातलाच एक काहीतरी होता. मला वाटलं, जमला. मग पत्र टाकलं, दोनदा जाऊन आलो. काही नाही."

"मला कधी बोलला नाहीत!"

"काय बोलायचं? नजर गेली की ज्याची त्याला कळत नाही पोरी, लोकांना कळते. म्हाताऱ्याला तोंडावर कोण सांगणार? गप्प बसले. मी समजलो."

घारबाई घरी आली. रात्रभर विचार केला आणि सकाळी चपला घातल्या. भाची म्हणाली, "मावशी, असं थेट जात नसतात."

"मी नोकरी मागायला नाही चालले. मी 'नाही' मागायला चाललेय. तोंडावर नाही म्हणायचं आणि का नाही ते सांगायचं. नजर गेली असेल तर गेली म्हणायचं. एवढं ते माझं देणं लागतात!"

फाटकाशी पहारेकरी बसला होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ट्रायलवाल्या ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"रोजचंच आहे. दर दहा-बारा दिवसांनी एक येतो. आधी आत जातो, मग फोन करतो, मग इथे येऊन उभा राहतो. मीच सांगतो, घरी जा बाबा."

"मग घेतलं कुणाला?"

"कुणाला घेतात? जाहिरात दोन वर्षं चालूच आहे. काम होतंय की फुकटात."

घारबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जागा नव्हतीच! दर दहा-बारा दिवसांनी एक जाणकार बोलवायचा, त्याच्याकडून एक अवघड रंग जुळवून घ्यायचा आणि वाटाण्याच्या अक्षता लावून पाठवायचा. आयत्या बिळावरचे नागोबा नुसते! आणि तो जाणकार घरी जाऊन स्वतःचे डोळे तपासत बसतो.

तेवढ्यात आतून आरडाओरडा ऐकू आला. अंगणात एक ट्रक उघडा होता, आणि एक जाडजूड माणूस त्यातून कापडाचं ठाण ओढून उन्हात उलगडत होता. खांद्यावर त्याने एक करडा कोट टाकला होता. बस कंपनीचा माणूस होता तो. ड्रायव्हरच्या कोटांशी जुळणारं पॅंटचं कापड त्याने मागवलं होतं, आणि शंका आली म्हणून ट्रक निघायच्या आत येऊन स्वतः उघडला होता. कोट करडा होता. कापड साचलेल्या पाण्यावरच्या शेवाळासारखं हिरवट होतं.

घारबाईने दुरूनच ओळखलं. आपलं माप, आपलंच. पाचवा तुकडा. आणि उन्हात तो जसा पडेल म्हणून तिने लिहिलं होतं, तसाच्या तसा पडला होता. इतक्या संतापातही तिच्या मनात पहिलं हेच आलं की नजर शाबूत आहे.

"ट्यूबखाली बरोबर होता हो," मॅनेजर घाम पुसत म्हणत होता.

"माझे ड्रायव्हर ट्यूबखाली बस चालवतात का?" बसवाला ओरडला.

मॅनेजरची नजर फाटकाकडे गेली. घारबाई दिसताच त्याला बुडत्याला काडी सापडल्यासारखं झालं. "ही बघा! या बाईंनी लावलाय हा रंग. यांचीच चूक आहे. विचारा यांना!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. पहारेकऱ्याने फाटक उघडलं. घारबाई आत गेली. 

"साहेब, मी तुमच्याकडे कामाला आहे का?"

"तसं नाही, पण..."

"आहे की नाही?"

"नाही."

"मग माझं माप तुमच्या यंत्रावर कसं चढलं?"

मॅनेजर फोन चाचपायला लागला.

"चिठ्ठीची शेवटची ओळ कोणी वाचली?"

"कसली ओळ?" बसवाल्याने विचारलं.

तिने पर्समधली पत्राची प्रत काढून त्याच्या हातात दिली. त्याने उन्हात उभं राहून ती मोठ्याने वाचली, आभारांपासून शेवटपर्यंत. 'हिरवा पडेल' या शब्दांशी थांबला, तारीख पाहिली आणि मॅनेजरकडे वळला. "तीन आठवड्यांपूर्वी लिहून दिलंय हिने. तुम्ही काय करत होतात?" मग घारबाईला म्हणाला, "बाई, हे सुधारेल का?"

"सुधारेल. थोडा रंग उतरवायचा, निळा बदलून पुन्हा चढवायचा. कापडाचा काय दोष?"

"चार दिवस देतो," बसवाला मॅनेजरला म्हणाला. "नाहीतर सगळा माल ठेवा तुमच्या उशाशी." आणि कोट घेऊन निघून गेला.

मॅनेजरचा आवाज एकदम मऊ झाला. "बाई, चला ना, आत बसून बोलू."

"आत नको. आत उजेड नाही."

"बरं, इथे तर इथे. तुम्ही उद्यापासून या. कायम. आजच पत्र देतो."

खोटं कशाला बोला, घारबाईचं काळीज हललं. वर्षभर याच वाक्यासाठी ती झुरली होती. पण ते आता आलं होतं ते तिची गरज पडली म्हणून, आणि गरज सरली की वैद्य मरो म्हणणारीच ही माणसं.

"आधी चिठ्ठ्या आणा. आजवरच्या सगळ्या ट्रायलवाल्यांच्या."

"त्या कशाला हव्यात?"

"आज प्रश्न मी विचारतेय!" घारबाई इतक्या जोरात ओरडली की ट्रकवरचे हमाल वळून बघायला लागले.

फाइल आली. जाडजूड. घारबाई ट्रकच्या पायरीवर बसली आणि एकेक चिठ्ठी उलटू लागली. एकसष्ट चिठ्ठ्या. प्रत्येकीला टाचणीने लावलेला तुकडा, प्रत्येकीवर वेगळं अक्षर, आणि खाली मॅनेजरच्या लाल शाईत, ते माप किती वेळा यंत्रावर घेतलं त्याच्या खुणा. बहुतेकांवर खुणा होत्या. एकाही चिठ्ठीवर 'उत्तर पाठवले' असं नव्हतं.

खालून तिसऱ्या चिठ्ठीवर ती थांबली. ते अक्षर तिच्या स्वतःच्या अक्षरासारखं होतं, कारण त्याच अक्षरावरून ती मापं लिहायला शिकली होती. टाचणीला डाळिंबी तुकडा होता. त्याच्याखाली लाल खुणांच्या दोन ओळी भरल्या होत्या.

मग ती उठली. "यातल्या प्रत्येकाला पत्र गेलं पाहिजे. तुमचा रंग जुळला होता आणि आम्ही तो वापरला, असं लिहून. जातात की नाही ते मी एकेकाच्या घरी जाऊन बघणार आहे. आणि ही चिठ्ठी मी नेतेय."

"न्या, न्या."

"तशी नाही. गेटपास."

पहारेकऱ्याने वही काढली. अगदी गंभीरपणे त्याने लिहिलं: चिठ्ठी एक, तुकडा एक. मॅनेजरला सही करावी लागली.

"मग उद्या येताय ना?" तो मागून म्हणाला.

"कळवते," घारबाई म्हणाली.

मास्तर खिडकीशीच होते. घारबाईने चिठ्ठी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी अक्षर ओळखलं. मग तुकडा बोटांत धरला आणि सवयीने उजेडाकडे नेला. उजेडात पडदा होता.

तुकडा पडद्यावर टेकला आणि दिसेनासा झाला. टाचणी तेवढी दिसत होती.

"ट्यूब लाव," मास्तर म्हणाले. तिने लावली. तरी दिसेना. "बंद कर. आता तो पिवळा दिवा." पिवळ्या दिव्याखालीही तुकडा पडद्यात जिरलेलाच राहिला. मास्तरांनी लाल खुणा बोटाने मोजल्या, मध्येच सोडून दिल्या.

घारबाईला वाटलं, म्हातारा रडणार. पण मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं मी रोज सकाळी सुनेला विचारतोय, बाई, माझा हा शर्ट कुठल्या रंगाचा आहे."

त्यांनी खुर्चीच्या दांड्यांवर जोर दिला आणि उभे राहिले. "माझी काठी दे."

"कुठे निघालात?"

"त्याला एक गोष्ट विचारायचीय."

"काय विचारणार मास्तर?"

"उत्तर द्यायला किती वेळ लागला असता, एवढंच."

घारबाईने काठी दिली. ऊन अजून बरंच होतं. दोघं पायीच निघाली.